म्यान पावसाळ्यात भिंतीवरच बरं

सुरीचं कातडी म्यान घट्ट बसलं की पातं सुरक्षित, असं म्हणतात, ते कोरड्या हवेत ठीक. इथे गोव्यात, डिचोलीत जूनपासून कातडं हवेतली ओल ओढून घेतं आणि तीच पात्याला लागून राहते. सुरीसाठी वापरतात ते ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद धार झकास धरतं, पण गंजतंही तितक्याच उत्साहाने. त्यात चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असेल तर त्यातले क्षार भर घालतात. आमच्याकडचे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, कोयता कमरेच्या उघड्या आकडीत अडकवतात. पातं मोकळं राहतं, वारा लागतो. म्हणून पावसाळ्यात सुरी तेल लावून म्यानाबाहेर ठेवायची, म्यान वेगळं. म्यानाच्या टोकाशी पाणी निथळायला भोकही हवंच.

नक्षीसाठी मात्र झाडाच्या सालीवर कमावलेलंच चामडं घ्या. ओलसर असताना त्यावर कोरलेलं वाळल्यावर टिकतं, क्रोमच्या चामड्यावर ते धड उमटत नाही. मी देवळांच्या भिंतींवरच्या कावीची, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या भित्तिचित्रांची, वेलबुट्टी त्यावर उतरवतो आणि मुठीच्या फणसाच्या लाकडावर तीच बारीक करून घेतो. पितळी रिव्हेट कातड्याला लागले की हिरवी पुटं धरतात, ती अधूनमधून पुसावी लागतात.