ग्रॅनाइटच्या वयावरून जुना डोंगर कसा ओळखतात?

खानापूरकर: बीएस्सीला जिऑलॉजी घेतलंय. ट्रिपला हंपीत सर म्हणाले हा क्लोजपेट ग्रॅनाइट (कर्नाटकातला ग्रॅनाइटचा लांब पट्टा), सुमारे 252 कोटी वर्षांचा, डोंगरपट्टा घडताना आलेला. आता तिथं नुसते धोंड्यांचे ढीग, मग वय काढून दोन खंडांची टक्कर झाली का पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली गेली हे कसं कळतंय ओ? आमच्याकडं गोकाकला वालुकाश्म, पश्चिमेला बेसाल्ट, ग्रॅनाइट म्हटलं की स्वयंपाकघरातला कट्टा.

निपाणी_दगडवाला: वय काढतात ते आतल्या झिरकॉन नावाच्या खनिजाचं. केसाएवढा दाणा, घडताना युरेनियम आत घेतो, शिसं घेत नाही, म्हणजे नंतर सापडणारं शिसं जवळपास सगळं युरेनियम मोडून झालेलं. युरेनियम 238 अर्धं व्हायला 447 कोटी वर्षं, 235 ला 70 कोटी, दोन्हींनी एकच वय दिलं की भरवसा ठेवायचा. पण दाण्यात कांद्यासारखे पापुद्रे असतात बघ, मधला गाभा कधीकधी वितळलेल्या जुन्या दगडातनं तसाच उरलेला, त्याचं वय ग्रॅनाइटला चिकटवलं की सगळी गोष्टच चुकली. वय मोजायला लेसर दाण्यावर नेमका कुठं मारला ते आधी विचारायचं.

शहापूरची_ताई: तारीख झिरकॉन देतो, पण कशामुळं ते केमिस्ट्री सांगते. हिमालय घे. लडाखचा ग्रॅनाइट बराचसा 5-6 कोटी वर्षांचा, हॉर्नब्लेंड ह्या काळपट खनिजाचा, समुद्राचा तळ खाली जाताना झालेला. गंगोत्रीचा पांढरट, सव्वादोन कोटींच्या आसपासचा, मस्कोवाइट (पांढरा अभ्रक) आणि टुरमलीन ह्या खनिजांचा, म्हणजे टकरीनंतर जाड झालेल्या कवचात जुना गाळाचा खडक वितळून आलेला. दोन्ही शेजारी ठेवले की क्रम लागतो. आणि डोंगर झिजला तरी खूण राहते: खोलवर वितळलं की गार्नेट हे खनिज यिट्रियम हे मूलद्रव्य धरून ठेवतं, प्लॅजिओक्लेज हे खनिज टिकत नाही म्हणून त्यातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य मॅग्मात (वितळलेल्या दगडात) जातं, त्यामुळं स्ट्रॉन्शियम-यिट्रियमचं गुणोत्तर मोठं आलं तर कवच जाड होतं, वर डोंगर असणार. मला तर हे लई भारी वाटतं.

निपाणी_दगडवाला: बरोबर ताई, पण ते गुणोत्तर मूळ दगडातनंही उतरू शकतं की, त्या एकावर टेकू नये. क्लोजपेटमध्ये मँटलचा (कवचाखालच्या थराचा) मॅग्मा आणि वितळलेला जुना नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक), दोन्हीची भेसळ आहे.

खानापूरकर: मग ती भेसळ हंपीत दिसंल का?

शहापूरची_ताई: हंपी त्याचा वरचा, उथळ भाग रे. रामनगरच्या दक्षिणेला कब्बाळदुर्गाकडं जा, तिकडं मुळं उघडी पडलीत, नाइसमध्ये ग्रॅनाइट शिरलेला हातानं दाखवता येतो.