चराईचं बोकड चिवट म्हणे!

माळावरची
काल इथे एकांनी लिहिलं की घरच्या मटणासाठी बोकड पाळायचं तर बंदिस्तच पाळावं, माळावर चरलेलं मटण चिवट लागतं आणि नुसत्या पाल्यावर वजन धरत नाही. गप्प बसणार होते, राहवलं नाही.

दरवर्षी दोन उस्मानाबादी करडं मी घरच्यासाठी राखते. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, बांधावरचा हादगा, उन्हाळ्यात शेवरी. गोळी पेंड मूठभरसुद्धा नाही. तिसऱ्या महिन्यात खच्ची करून घेते, म्हणजे उग्र वास धरत नाही. यंदाच्या जत्रेला चौदा महिन्यांचं कापलं. जिवंत २४ किलो, मटण साडेअकरा. भावकीत वाटे घातले, एकानेही चिवट म्हटलं नाही. चिवटपणा येतो जनावर जून झाल्यावर, किंवा कापायच्या आधी पळवून दमवल्यावर. चराईला कशाला बोल लावता?

गव्हाणीतला
ताई, ते लिहिणारा मीच. चौदा महिन्यांत २४ किलो हे कौतुकानं सांगताय? माझं बोअर जातीच्या संकराचं नऊ महिन्यांत ३० भरतं. मका, पेंड, लसूणघास, सगळं वेळेवर. रोज पाच तास शेळ्यांमागे हिंडायला माणूस कुठून आणू?

माळावरची
त्या ३० किलोंवर मका-पेंडीचा खर्च किती झाला, तेही लिहा की. आणि बोअर आफ्रिकेची, उस्मानाबादी इथल्या दुष्काळात तगलेली, बहुतेक वेळा जुळी देणारी. घरी खायला दोन बोकडं पाळायची तर संकर हवाच कशाला?

पावसाळी_अनुभव
दोघांनीही जंतांचं नाव काढलं नाही. माझी अकरा करडं एका आषाढात गेली. सकाळी दव असतानाच सोडायचो. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसलेल्या असतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यात कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं, त्याने आतड्यात विष होतं तो आंत्रविषार, त्याची लस पावसाळ्याआधी टोचली नव्हती. धाकटी लेक आठवडाभर जेवली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात बंदिस्त, दिवाळीनंतर चराई.

पाणलोटवाला
मुळात मोकाट चराईचं कौतुक थांबवा. हिवरे बाजार उभं राहिलं ते चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीवर. शेळी रोपाचा शेंडाच खुडते, झाड पुन्हा डोकं वर काढत नाही. आमच्या डोंगरावर आम्ही श्रमदानाने लावलेली रोपं एका उन्हाळ्यात संपली. गवत कापून आणा, गोठ्यात घाला.

वाड्यावरचा
चराईबंदी म्हटलं की पहिली कुऱ्हाड आमच्यावरच! गायरानात घरं उठली, गोदामं उठली, तिथे कुणाची रोपं मेली नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना अशी अतिक्रमणं काढायला सांगितलं. आमच्या गावात एक वीट हलली नाही, पण माझ्या आजाच्या मेंढ्या कोंडवाड्यात गेल्या. हेच गाव मेंढरं शेतात बसवायला धान्य देऊन बोलवायचं. तेव्हा लेंडीखत चालत होतं.

पाणलोटवाला
आवाज चढवू नका. गायरानाचं तुमचं खरं आहे, तेवढं मान्य. पण रोपं शेळ्यांनीच खाल्ली, तेही खरं.

वाड्यावरचा
मग पाळीपाळीने कुरण राखा ना! एक पट्टा तीन वर्षं बंद, दुसरा खुला. बंदी सोपी वाटते कारण तिची झळ तुम्हाला बसत नाही.

गोऱ्ह्यांचं_काय
शेळ्यांवर भांडताय, माझ्या दावणीला संकरित गाईचे दोन गोऱ्हे उभे आहेत. २०१५ पासून बैल-गोऱ्हे कापायला बंदी, ट्रॅक्टरमुळे औताला कुणी घेत नाही. चारा त्यांनाही लागतोच. लोक रात्री सोडून देतात आणि सकाळी शेजाऱ्याचा हरभरा साफ.

गव्हाणीतला
दादा, विषय बोकडाचा आहे.

गोऱ्ह्यांचं_काय
विषय चाऱ्याचा आहे. मी सोडून देणार नाही, बापाने शिकवलं नाही तसं. पण रोज दोन पेंढ्या कडबा जातो, तो कुणी मोजत नाही.

माळावरची
पावसाळी दादांचं वाचून गलबलून आलं. दवाची गोष्ट मलाही सासूने सांगितली होती. मी ऊन पडल्यावरच सोडते आणि झुडपी पाल्याकडे नेते, गवतावर रेंगाळू देत नाही. लस चुकवत नाही, एवढं आधीच लिहायला हवं होतं. पण मटण चिवट, हे मी मानणार नाही.

गव्हाणीतला
चव चांगली असेल, नाही म्हणत नाही. माझ्या आईलाही चराईचंच आवडायचं. पण माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ताई. माळ चढता येत नाही, म्हणून गव्हाण. पावसाळी दादा, आंत्रविषाराची लस तुम्ही आता कधी टोचता? माझी करडं पावणेतीन महिन्यांची आहेत.

पावसाळी_अनुभव
मी मे महिन्यात टोचून घेतो. उद्याच दवाखान्यात विचारा, पाऊस लागायची वाट बघू नका.