मदत हवी आहे: जुन्या हार्डटेलला नवा फोर्क घालू की सायकलच बदलू?

नमस्कार मंडळी,

महिनाभर एकाच प्रश्नाभोवती फिरतोय, म्हणून इथे विचारतो. माझ्याकडे २०१७ साली घेतलेली हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, २७.५ इंची चाकं, १०० मिमी दबणारा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा शॉकअप), ३x९ गिअर (पुढे तीन, मागे नऊ चकत्या), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. माझं वय ४३, वजन ७८ किलो, मुक्काम सातारा. आठवड्यातून तीनदा पहाटे यवतेश्वरचा घाट चढतो आणि वर गेलो की डांबरी सोडून पेट्रीच्या बाजूच्या कच्च्या वाटांना लागतो. (कासच्या फुलांच्या पठारावर सायकल घालत नाही, कुणी घालूही नये. सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, चाकोरी पडली की ती लवकर भरून येत नाही.)

गेल्या पावसाळ्यानंतर फोर्कच्या डाव्या नळीच्या सीलमधून तेल यायला लागलं. घरी आल्यावर बघावं तर नळीवर तेल आणि लाल मातीचं काळपट कडं बसलेलं. ते पुसलं की खाली दोन बोटं लांबीचं चकचकीत कोटिंग उडालेलं दिसतं. हँडल दाबलं की फोर्क खाली जाताना अडकतो आणि वर येताना उसळी मारतो. मागच्या महिन्यात जांभ्याच्या उतारावर याच उसळीने पुढचं चाक बाजूला फेकलं गेलं आणि मी खांद्यावर आपटलो. हेल्मेट मागून तडकलं, डोकं वाचलं. शेळ्या घेऊन चाललेले एक धनगर मामा धावत आले, पाणी पाजलं आणि मी नीट चालतोय हे दिसेपर्यंत जागचे हलले नाहीत. तडकलेलं हेल्मेट त्याच दिवशी टाकून दिलं, नवीन घेतलं. आता फोर्कचं काहीतरी करणं भाग आहे.

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्या फ्रेमला आता चांगला फोर्क मिळणारच नाही, नवीन सायकल घ्या." पण त्याच दुकानात दोन वर्षांपूर्वी माझ्या मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये मोटरसायकलचं डॉट ऑइल भरलं गेलं होतं. आतले सील फुगले, लिव्हर दाबला की परत येईना, शेवटी पुढचा ब्रेक पूर्ण बदलावा लागला. त्यामुळे तिथल्या शब्दावर चाळीस-पन्नास हजार घालायची माझी तयारी नाही.

सल्ला देणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून माझ्या सवयी आणि मतं सांगतो.

टायरवर मी कधीच पैसे वाचवत नाही. आमच्याकडे पश्चिमेला जांभा, चाळणीसारखा खडबडीत आणि पावसात शेवाळाने निसरडा. पूर्वेला कोरेगावकडे गेलं की मुरूम, बाभळीचे काटे आणि सराटे. ट्यूब होती तेव्हा एका सकाळी पुढच्या चाकातून ११ सराटे उपटले होते. ट्यूबलेस केल्यापासून पंक्चरसाठी थांबलो तो एकदाच, आणि तेही एप्रिलमध्ये आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) वाळून गेलं होतं म्हणून. आता उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी सीलंट बघतो. पुढे २.३५ इंची टायर, हवेचा दाब २२ पीएसआय, मागे २५. ट्यूब असताना ३५ च्या खाली उतरायची हिंमत होत नव्हती, खाली आलं की दगडावर रिम बसून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडायची. सस्पेन्शनचा निम्मा फायदा टायरमधल्या हवेतच आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं ब्रेक. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं उतारावर शर्यती लावत. पायाने उलटं पेडल मारून लागणारे ब्रेक इतके तापत की एका उतारात मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. त्या शर्यतीचं नावच 'रेपॅक' पडलं. यवतेश्वर उतरताना डिस्कचा करपट वास आला की मला ते आठवतं. माझ्या मूळ डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं होतं. लाल चिखलात रेझिनचे पॅड एका पावसाळ्यात संपले, म्हणून आधी डिस्क बदलली, मग मेटलचे पॅड घातले. आवाज जास्त करतात, पण ओल्यात भरवसा वाटतो.

पेडल सपाट, खिळ्यांचे. बूट अडकवायचे क्लिपवाले वर्षभर वापरले आणि काढले, कारण आमच्या वाटांवर दर दहा मिनिटांनी पाय टेकवावा लागतो. कार्बन फ्रेमची हौस नाही. फुल सस्पेन्शन एकदा मित्राची चालवली. उतारावर स्वर्ग, पण घाट चढताना वजन जाणवलं, आणि मागच्या लिंकची बेअरिंगं दर पावसाळ्यानंतर बदलायची माझी तयारी नाही.

या फ्रेमवर माझा जीव आहे, माप अंगाला बसलेलं आहे. बजेट ३० हजार, फार ताणलं तर ४५. काय करू?

प्रतिसाद १

आधी नखाची चाचणी करा. उडालेल्या कोटिंगवरून नख आडवं फिरवा. अडकलं तर ती नळी संपली, नवे सील घालूनही तेल येणारच. अडकलं नाही तर सील, तेल आणि फोमच्या कड्या बदलून फोर्क अजून वर्षभर चालेल, खर्चही किरकोळ.

प्रतिसाद २

"चांगला फोर्क मिळणारच नाही" हे खरं नाही, पण अर्धसत्य आहे. आजचे बहुतेक चांगले फोर्क खाली रुंद होत जाणाऱ्या टेपर्ड स्टीअररचे (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी वरची नळी) आणि १५ मिमी थ्रू ॲक्सलचे (आरपार जाणारा जाड आस) असतात. तुमच्या पुढच्या चाकाला ९ मिमीची क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारा बारीक आस) असणार. म्हणजे तसा फोर्क घेतला तर पुढचा हब, पर्यायाने चाकच नवीन. शिवाय हेडट्यूब (फ्रेममधली स्टीअरर बसतो ती नळी) आतून ४४ मिमीची असेल तरच खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड बसतो, त्याहून अरुंद असेल तर विषय संपला.

पण सरळ, एक आणि एक अष्टमांश इंची स्टीअरर आणि क्विक रिलीज असलेले एअर फोर्क अजून बनतात. एअर असल्याने वजनाप्रमाणे हवा भरता येते. तुम्ही बसल्यावर १०० पैकी २० ते २५ मिमी दबला पाहिजे. उसळी आवरायला रिबाउंडचा (वर येण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू असलेलाच घ्या, तुमची पडझड त्याच्याच अभावी झाली आहे. आणि १०० मिमीचाच घ्या. १२० चा घेतला तर पुढचा भाग वर उचलला जाईल, चढावर चाक भटकेल आणि फ्रेमच्या गळ्यावर ताण येईल.

प्रतिसाद ३

माझं मत वेगळं. फोर्कनंतर ३x९ बदलावंसं वाटेल, मग ड्रॉपर पोस्ट (बटणाने खालीवर होणारा सीटचा दांडा). तुकड्यातुकड्याने नव्या सायकलीएवढा पैसा जातो. ४५ हजारांत टेपर्ड हेडट्यूबची वापरलेली हार्डटेल बघा. मूळ बिल मागा, फ्रेम उलटी करून वेल्डिंगच्या जागा कापडाने पुसून तडे तपासा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नख फिरवलं, दोन ठिकाणी अडकलं. म्हणजे सर्व्हिसिंगचा मार्ग बंद.

प्रतिसाद ३, तुमचा मुद्दा पटतो, पण गिअरचं मी आधीच ठरवलं आहे. ११ स्पीडची ११-५१ दातांची कॅसेट (मागच्या चकत्या) माझ्या जुन्याच फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसणारा भाग) बसते, बहुतेक १२ स्पीड कॅसेटना वेगळा फ्रीहब लागला असता. पुढे ३० दातांची एकच चेनरिंग लावली की चिखलात जाम होणारा पुढचा डिरेल्यर (साखळी सरकवणारा भाग) जाईल. ते दिवाळीनंतर. फ्रेम ठेवतोय.

सरळ स्टीअररचा, १०० मिमीचा, रिबाउंडवाला एक एअर फोर्क कराडच्या एका रायडरकडे आहे, वर्षभर वापरलेला. नळ्या स्वच्छ आहेत, नख फिरवून पाहिलं. अडचण एकच. त्याचा स्टीअरर १८७ मिमीवर कापलेला आहे. माझी हेडट्यूब १२०, हेडसेटचे (स्टीअररच्या बेअरिंगांचे) वरखालचे कप मिळून २५, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) ४०, स्पेसर (मधल्या कड्या) १५, एकूण २०० मिमी. स्टीअरर स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा ३ मिमी खाली हवा, म्हणजे १० मिमीचा स्पेसर काढून ५ चा एकच ठेवला तर बरोबर बसतो. हँडल एक सेंटिमीटर खाली येईल. घाट चढताना मला ते चालेल, पण उतारावर मनगटांवर भार वाढेल का? की स्टेम उलटा करून तेवढी उंची परत मिळवता येईल? कुणी असं केलं असेल तर सांगा, रविवारी कराडला जायचं आहे.