अर्धवट बिघडलेली रॅम आणि तरी चालणारा कॉम्प्युटर: तुमचे अनुभव सांगा

माळ्यावरचा_खजिना: आवराआवरीत एक जुनी डीडीआर२ रॅमची पट्टी सापडली, वर बाबांच्या अक्षरात "खराब, पण टाकू नये". सगळं आठवलं एकदम. त्या मशीनवर फोटो कॉपी केले की एखादा खालून अर्धा राखाडी यायचा, झिप फाइल सीआरसी एरर (म्हणजे आतला डेटा बिघडलाय) द्यायची आणि तीच परत उघडली तर उघडायची! दुकानदाराने विंडोज नवीन टाकून दिलं, मग हार्डडिस्कवर संशय. शेवटी आतेभावाने रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावून ठेवली, सकाळी लाल ओळी, सगळ्या रॅममधल्या एकाच पत्त्याच्या आसपास. मग लिनक्स टाकून तेवढा तुकडा वगळला आणि माझं कॉलेज संपेपर्यंत तो कॉम्प्युटर घरात चालला. बाबांनी किती जपलं होतं त्याला. तुमच्याकडे कोणी असं मशीन चालवलंय का?

देवगडकर: आधी पट्टी काढून सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा आणि स्लॉट ब्रशने झाडा. आमच्याकडे खाऱ्या हवेत निम्म्या "खराब" रॅम अशाच बऱ्या होतात. प्लग काढूनच करा हे.

टर्मिनलवाला: वगळायचं कसं ते लिहितो, कोणाला लागलं तर. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये बॅडरॅमची ओळ असते, त्यात पत्ता आणि मास्क (पत्त्यातले कुठले बिट जुळायला हवेत ते) द्यायचा. किंवा कर्नलला (लिनक्सचा गाभा) मेममॅप हा पर्याय द्या, पण त्यातल्या डॉलरच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश हवा नाहीतर ग्रब ते गिळून टाकतं, माणूस बसतो शोधत. मूळ बॅडरॅम पॅच रिक व्हॅन राइन यांचा, किती मशीन वाचवली असतील त्या माणसाने! विंडोजमध्ये पण होतं, बीसीडीएडिट या कमांडमध्ये बॅडमेमरीलिस्ट, तिथे पान नंबर लागतो (पान म्हणजे मेमरीचा ठराविक तुकडा). पान ४ केबीचं, म्हणून हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेल्या) पत्त्याचे शेवटचे ३ आकडे सोडायचे.

सुगरण_ताई: यातलं अर्धं कळलं नाही पण बाबांचं अक्षर वाचून डोळे भरले 🙏 पट्टी जपून ठेव.

माळ्यावरचा_खजिना: ठेवलीये ताई, त्यांच्या चष्म्याच्या डबीत.

लेजर_आणि_टॅली: भावना समजतात पण हिशेबाच्या मशीनवर हे करू नका. रॅम चुकली तर चुकीचा आकडा डिस्कवर जातो, तिथून बॅकअपमध्ये, आणि कोणी ओरडत नाही. सर्व्हरला ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करणारी रॅम) असते ती उगाच नाही. गूगलच्या सर्व्हरवरचा २००९ चा अभ्यास आहे, वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर एरर दिसले होते.

टर्मिनलवाला: काका १०० टक्के बरोबर. वगळल्यावर परत तपासायचंच, आणि दोष पसरत असेल तर मात्र पट्टी बदला. एकाच जागी टिकून असेल तरच हा उपाय.

पिंपरीची_पोर: माझ्या लॅपटॉपची रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, सर्व्हिस सेंटर म्हणे पूर्ण बोर्ड बदला, त्या पैशात सेकंडहँड लॅपटॉप येतो!! आता विंडोजमध्ये तेवढी पानं वगळून चालवतेय, निळा स्क्रीन थांबला. प्रोजेक्ट क्लाउडवर पण ठेवते.

देवगडकर: शाब्बास पोरी

गिरगावचा_बंड्या: लॅमिंग्टन रोडला डीडीआर३ मिळते का अजून? आईच्या कॉम्प्युटरला हवी आहे, तिला भजनं ऐकायची असतात

लेजर_आणि_टॅली: मिळते, जुनी. दुकानातच तपासून घे.

पिंपरीची_पोर: पुण्यात तापकीर गल्लीत पण बघ.

नवीनच_आलोय: दोष अगदी सुरुवातीच्या पत्त्यांवर दिसतोय, बूटच होत नाही नीट, काय करू? दोन पट्ट्या आहेत.

टर्मिनलवाला: कर्नललाच ती जागा लागत असेल. पट्ट्यांची अदलाबदल कर, पत्ते बदलतील, मग मेमटेस्ट पुन्हा पहिल्यापासून. एकेक पट्टी वेगळी लावूनही बघ, चांगली असेल ती एकटीच चालव तोवर.

नवीनच_आलोय: जेवून करतो दादा, इथेच सांगतो.