मदत हवी आहे : जुन्या हॉटेलातल्या मुक्कामाचे पैसे परत कसे मिळवावेत?

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी आई-बाबांना घेऊन महाबळेश्वरला एका जुन्या हॉटेलात राहिलो. फोटोत दिसलेला ऐसपैस व्हरांडा, लाकडी जिना, सगळं होतं. पण खोलीचं दार उघडताच कुबट वास आला. पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी, गाद्या दमट, गिझर बंद. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, थोडी ओल असणार हे मान्य. पण आईला दमा आहे हो! मध्यरात्री तिला धाप लागली. इनहेलर दिला आणि दुसरी खोली मागायला खाली गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सकाळी साहेब आले की बघू." सकाळी साहेबांनी पैसे परत द्यायला साफ नकार दिला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करणार आहे. तिथून खरंच काही हालतं का, की सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जावं? २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे मला पुण्यातच करता येईल. पावती आणि भिंतीचे फोटो आहेत. डॉक्टरांची चिठ्ठीही जोडावी का? ज्यांनी स्वतः अशी तक्रार केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शिवाय वाईत कोरडी, स्वच्छ, तळमजल्यावरची खोली कुठे मिळेल? आईला मेणवलीचा घाट पाहायचा राहिलाय.