पार्किंग ब्रेकची मोटर गेली, अख्खा कॅलिपर बदलायलाच हवा का? (इलेक्ट्रिक एसयूव्ही, मागचं डावं चाक)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी इलेक्ट्रिक एसयूव्ही, वॉरंटी मार्चमध्ये संपली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जातो. मी चिपळूणची, गाडी उघड्यावर उभी असते आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच.

पार्किंग ब्रेकचा स्विच ओढला की उजव्या चाकातून नेहमीचा 'झुंईं' आवाज येतो, डावीकडे नुसता टक्. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि 'पार्किंग ब्रेकमध्ये बिघाड' असा मेसेज. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून सांगितलं की डाव्या मोटरचं सर्किट दाखवतंय, पण मोटर सुटी मिळत नाही, पूर्ण कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) घ्यावा लागेल, ब्रेक ऑइल काढून ब्लीडिंग (ऑइलच्या पाइपमधली हवा काढणं), सगळं मिळून 31 हजार. कराडच्या स्पेअरच्या दुकानात फोन केला तर तो म्हणतो मोटर सुटी येते, सातेक हजारांत देतो. आता कोणाचं खरं?

माझ्या दिराचं लोट्याला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. तो म्हणतो वहिनी, मी बसवतो. सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर म्हणतो, "मॅडम, हाय व्होल्टेजची गाडी आहे, बाहेर कुणाला हात लावू देऊ नका." घरासमोरचा रस्ता उताराचा आहे, त्यामुळे तशीच चालवत राहावं असंही वाटत नाही.

तळेगावचा_बाळू

ताई, ब्रेकशी खेळ नको. 31 तर 31, सर्व्हिस सेंटरलाच द्या. आमच्या जुन्या गाडीला हँडब्रेकची केबल होती, सैल झाली की नट आवळला, विषय संपला. या इलेक्ट्रिक गाड्यांनी ही नवीन भानगड आणली.

शिरोली_गॅरेज

बाळूशेठ, भानगड इलेक्ट्रिक गाडीची नाही. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजला 2001 सालीच बटणाचा पार्किंग ब्रेक आला होता, आणि मोटर थेट कॅलिपरवर बसवायचा प्रकार फोक्सवॅगनच्या 2005 च्या पॅसाटलाही होता. आमच्याकडे कितीतरी डिझेल गाड्या येतात ज्यांना हेच सामान आहे.

ताई, तुमच्याकडे वळतो. मोटरची ऑर्डर द्यायच्या आधी एक काम करा: जुनी मोटर काढून कॅलिपरमधला दांडा हाताने फिरवून बघा. मोटर की कॅलिपर, याचा निकाल तिथेच लागतो. स्कॅनर फक्त 'डावं सर्किट' म्हणतो. आत काय अडकलंय ते त्याला दिसत नाही.

रचना सोपी आहे. कॅलिपरच्या पाठीवर काळा प्लॅस्टिकचा डबा दिसतो, त्यात छोटी डीसी मोटर आणि वेग कमी करणारे गिअर. डब्याचं तोंड कॅलिपरमधून बाहेर आलेल्या दांड्याच्या दात्यांवर बसतं. मोटर दांडा फिरवते, दांड्यावरचा नट पुढे सरकतो आणि पिस्टनला आतून ढकलून पॅड डिस्कवर दाबतो. आटे असे बारीक असतात की करंट बंद झाला तरी दांडा आपोआप उलटा फिरत नाही. म्हणून बॅटरी उतरली तरी ब्रेक सुटत नाही.

आता महत्त्वाचं. डबा दोन स्क्रूवर असतो आणि तो ब्रेक ऑइलच्या बाहेर असतो. दांड्याला कॅलिपरमध्ये स्वतःचं सील आहे. डबा काढला तर ऑइलचा थेंब येत नाही, ब्लीडिंगचा प्रश्नच नाही. थेंब आला, तर दांड्याचं सील गेलंय आणि मग सर्व्हिस सेंटरचं बरोबर, कॅलिपरच घ्या.

हाय व्होल्टेजचं म्हणाल तर ही मोटर बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालते. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरी पॅकच्या केबली नारिंगी असतात, मागच्या चाकाजवळ तशी केबल दिसली तर तिच्या वाटेला जायचं नाही, एवढंच. जॅक मात्र कंपनीने दाखवलेल्या जागेवरच. पॅकच्या पत्र्याला जॅक लावलात तर 31 हजार स्वस्त वाटतील.

दिराला सांगा, क्रम असा ठेव. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. काही इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर 'पी'ला टाकला की मागचे ब्रेकच लागतात, गिअरबॉक्सला वेगळं कुलूप नसतं. मग मागचं चाक उचलल्यावर गाडीला धरायला ठोकळ्याशिवाय कोणी नाही. स्कॅनरने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मोकळा सोडलेला) टाकायचा, काही गाड्यांत तो स्क्रीनवरूनही मिळतो. मग किल्ली गाडीपासून लांब ठेवायची आणि बारा व्होल्टची निगेटिव्ह काढायची. हे सोडू नका. कोणी दार उघडलं, गाडी जागी झाली, बंद होताना तिने स्वतःहून पार्किंग ब्रेक लावला आणि तुमचं बोट पॅडमध्ये असलं तर पुढचं सांगत नाही.

मग डब्याचं वायरचं सॉकेट काढा, स्क्रू काढा, डबा हलवत हलवत सरळ मागे ओढा. दांड्याला बसेल तो टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराचा) पाना-सॉकेट लावा आणि हाताच्या छोट्या पान्याने दोन-चार आटे पुढे, तेवढेच मागे. सगळीकडे सारख्याच जोराने फिरला तर मोटर मेलीय. जड गेला, मध्येच अडकला, लांब पाना लावावा लागला, तर दांडाच गंजलाय. अशा कॅलिपरवर नवी मोटर बसवली की तीही जाते. तसली गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, हातात जळलेली नवी मोटर घेऊन, आणि दुकानदाराला शिव्या देत.

मुक्काम_चाकण

शिरोलीकरांशी सहमत. मी ब्रेकच्या सुट्या भागांच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक. पॅड किती दाबला गेला हे कंट्रोल युनिट मोटरच्या करंटवरून ओळखतं. पॅड डिस्कला टेकला की करंट चढतो, ठरलेल्या आकड्याला पोचला की ते मोटर बंद करतं. म्हणून मोटर तपासायला कोणी बॅटरीवरून थेट वायर लावत असेल तर लावू देऊ नका. तिथे थांबवणारं कोणी नसतं, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात.

दोन. आधी बारा व्होल्टची बॅटरी बघा. इलेक्ट्रिक गाडीत तिला इंजिन फिरवून सुरू करावं लागत नाही, त्यामुळे अशक्त झाली तरी कळत नाही आणि मग भलत्याच ठिकाणचे दिवे लागतात. तुमच्याकडे एकच बाजू मुकी आहे म्हणजे बहुधा बॅटरी नसावी, पण मीटर लावायला काही लागत नाही. व्होल्टेज मोटरच्या सॉकेटवर बघायचं तर सॉकेट लावलेलं ठेवा आणि मागून बारीक सुई घालून मोजा. सॉकेट काढून मोजलंत तर काही गाड्यांत युनिटला मोटरच दिसत नाही आणि ते करंट सोडतच नाही. मग लोक वायरिंग उसवत बसतात.

आणि 'सुटं मिळत नाही'बद्दल: सुटे भाग खुल्या बाजारात न देण्यावरून स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं ते वेगळं. पण काउंटरवर उभं राहून "पार्ट नंबर लिहून द्या" म्हणायला कसली भीड? ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तिचं नुसतं नाव काढलं तरी कधीकधी पार्ट सापडतो.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. काल दिराने उघडलं, मी टॉर्च धरून उभी होते.

बॅटरी ठीक आहे. स्विच ओढल्यावर सॉकेटवर क्षणभर बारा व्होल्ट येतात, सोडताना मीटरवर तेच उणे चिन्हासकट. मग मोटरच्या दोन पिनांमध्ये ओहम लावून बघितलं, काहीच नाही, मीटर उघडं सर्किट दाखवतोय. पिना हिरव्या पडल्यात. डबा काढला तर तोंडाशी गंजाचं लाल पाणी, आणि आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं. डब्याच्या तोंडाची रबरी रिंग एका बाजूला चपटी झालेली. दांडा मात्र दोन्हीकडे सहज फिरतो, मी स्वतः फिरवून बघितला. ब्रेक ऑइल कुठेच नाही.

मोटर मागवली. दोन शंका: डावी-उजवी एकच असते का? आणि बसवल्यावर स्कॅनर लागेलच का? कराडचा म्हणतो, "लावा आणि चालवा."

शिरोली_गॅरेज

दिराला शाबासकी द्या, काम नीट केलंय. पाणी रिंगेतून आत गेलं, ब्रश गंजले, मोटर मेली. दांडा फिरतोय म्हणजे कॅलिपर वाचला.

डावी-उजवी काही गाड्यांत एकच, काहींत सॉकेटचं तोंड उलट. जुन्या डब्यावरचा नंबर पुसून वाचा आणि फोटो दुकानदाराला पाठवा. 'सेम टू सेम आहे' या शब्दावर पैसे देऊ नका. नव्या मोटरबरोबर नवी रिंग यायलाच हवी. नसेल तर परत करा. जुनी चपटी रिंग लावलीत तर पुढच्या पावसात हाच धागा वर येणार.

बसवताना कॅलिपरचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, तारेचा ब्रश सीलजवळ नको. रिंगेला रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, बोटाने बारीक थर. डबा दांड्यावर दाबून बसत नसेल तर हातोडी नाही, स्क्रूने ओढूनही नाही. दाते जुळले नाहीत म्हणून बसत नाही. दांडा टॉर्क्सने किंचित फिरवा, डबा आपसूक आत जातो. मग दोन्ही स्क्रू आधी हाताने, नंतर मॅन्युअलमधल्या टॉर्कला. खालचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, ट्रकच्या चाकासारखं आवळाल तर आटे जातील. सॉकेटच्या पिना गाडीच्या वायरिंगच्या बाजूनेही बघा. तिथे हिरवं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नाहीतर नवी मोटरही मुकी राहील.

स्कॅनर लागतो. सर्व्हिस मोडमधून बाहेर काढायचं, पार्किंग ब्रेकचं कॅलिब्रेशन चालवायचं, बिघाडाचा जुना कोड पुसायचा. त्यात युनिट दोन्ही बाजू पूर्ण लावून-सोडून नवी शून्य जागा शिकतं. पण त्याआधी पायाचा ब्रेक चार-सहा वेळा दाबून पॅड डिस्कला आणा. 'लावा आणि चालवा'ने गाडी कदाचित चालेल, पण दिवा जाईल याची खात्री कराडवाला देणार आहे का? चिपळूणला स्कॅनरवाला नसेल तर ईपीबीचं (इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचं) फंक्शन असलेला ओबीडी (गाडीच्या तपासणी सॉकेटला लागणारा) स्कॅनर असणारा माणूस बोलवा. नुसता कोड वाचणारा स्वस्त डोंगल उपयोगाचा नाही.

झाल्यावर चाक हवेत असतानाच तपासा: ब्रेक सोडल्यावर हाताने मोकळं फिरायला हवं, लावल्यावर हलायला नको. मग हलक्या उतारावर, मागे माणूस-गाडी काही नसताना. कुंभार्ली घाटात लगेच जाऊ नका. थोडं चालवून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या, एक दुसऱ्यापेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक घासतोय.

तळेगावचा_बाळू

बरं झालं उघडून बघितलं. माझी सूचना मागे. पण एक सांगा शिरोलीकर, दोन-तीन वर्षांत मोटरमध्ये पाणी का जावं? माझ्या डिझेलला आठ वर्षं झाली, काही नाही.

शिरोली_गॅरेज

कोकणातली हवा आणि रिंगेचा माल, हे तर आहेच. पण माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिक गाडीचे मागचे ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत, त्यामुळेही होतं. पाय उचलला की गाडी चालवणारी मोटरच तिचा वेग कमी करते (यालाच रीजनरेशन म्हणतात), डिस्क तापत नाही, पावसाचं पाणी वाळत नाही. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकतात, पॅड गंजून चिकटतात, मग पार्किंग मोटरला दर वेळी जास्त ओढावं लागतं. फोक्सवॅगनने आयडी.४ ला मागे ड्रम ब्रेक ठेवले, त्यात हेही एक कारण होतं. लोक हसले होते ड्रम बघून.

ताई, रीजनरेशन कमीवर टाकून रिकाम्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा पायाच्या ब्रेकने दोन-तीनदा नीट थांबा. आणि आता चाक काढलंच आहे तर दिराला उजव्या बाजूच्या डब्याची रिंग आणि दोन्हीकडच्या स्लाइड पिना बघायला सांगा. उजवी मोटर त्याच पावसात उभी होती.