वडगावच्या माळ्यावरचं खानापूर: मृग लागला की गाडी यार्डातच का अडते?

पॅटर्नवाला (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. दिवाळीत माझ्या मॉडेल रेल्वेच्या सांगाड्याचे फोटो टाकले आणि गायब झालो, त्याबद्दल माफी. आधी काय काय झालंय ते सांगतो, रडगाणं शेवटी.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं साचा घेतात ते नमुने, करतो. घरी माळ्यावर ८ फूट बाय २ फूट जागा आहे, तिच्यावर १९८२ सालचं खानापूर स्टेशन उभं करतोय, मीटरगेजचं. खानापूरच का, तर मामा तिथं पॉइंट्समन होते आणि आमची मे महिन्याची सुट्टी फलाटावर जायची. बेळगाव स्टेशन करा असं तिघांनी सुचवलं होतं. बाबांनो, तो फलाट मापात केला तर आमच्या घरातनं निघून बोळात जाईल. बेळगाव ते लोंढा हे पन्नासएक किलोमीटर माझ्या १:८७ मापात, म्हणजे ८७ नं भागलं तरी पावणेसहाशे मीटर होतात. म्हणून एकच स्टेशन, तेही आखडून. फलाटाला जेमतेम तीन डबे लागतात.

माप एचओ, म्हणजे मॉडेलवाल्यांचं १:८७. पण दोन रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, नेहमीचं १६.५ मिलिमीटर नाही, १२ आहे. १६.५ ला ८७ नं गुणलं की १४३५ येतात, ते विलायतेचं गेज. आपली ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००. हजाराला भागून साडेअकरा येतात, म्हणजे १२ मध्ये अर्धा मिलिमीटर जास्त आहे. धंद्यात अर्ध्या मिलिमीटरवरून माल परत येतो आमचा, घरात मात्र मीच गिऱ्हाईक.

इंजिन वायपी, म्हणजे मीटरगेजचं वाफेचं पॅसेंजर इंजिन. तयार मिळत नाही, म्हणून जपानी १०६७ गेजच्या मॉडेलची चॅसिस घेतली आणि वरचं अंग पितळेच्या पत्र्याचं केलं. वायपीची मोठी चाकं साडेचार फुटी, एचओत पावणेसोळा मिलिमीटर भरायला पाहिजेत. माझी जरा मोठी आहेत. कुणी कॅलिपर घेऊन येऊ नका.

आता एक गंमत. स्टेशनच्या छपराचं मंगळुरी कौल एचओत पाच मिलिमीटर बाय तीनसुद्धा भरत नाही. एकेक लावत बसलो तर रिटायर होईन. म्हणून लाकडात एका बाजूच्या छपराचा पॅटर्न कोरला, रबराचा साचा घेतला आणि प्लास्टरमध्ये ओतला. सुंदर उतरलं. भिंतीवर ठेवलं तर दोन मिलिमीटर बाहेर! दोनदा भिंत मोजली. मग डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षांच्या सवयीनं हात आकुंचनाच्या फुटपट्टीकडं गेला होता. बीड (ओतीव लोखंड) ओतल्यावर मीटरमागं सुमारे १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची पट्टी तेवढी मोठीच आखलेली असते. प्लास्टर कशाला आकसतंय? २०० चं छप्पर २०२ झालं. कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

रुळाखाली ३ मिलिमीटर कॉर्क आहे. मेन लाइनची खडी म्हणजे मलप्रभेची वाळू, चाळून घेतलेली. खरी खडी दोन-अडीच इंची, म्हणजे एचओत पाऊण मिलिमीटरच्या आत, रव्यासारखी. (रव्याची चाळणी आता माझी झाली. घरात नवीन आणली.) यार्डाच्या दोन लाइनींत मात्र खडी नको होती. तिथं इंजिनं राख झाडायची, सगळं काळंभोर असायचं, पाय ठेवला की चप्पल काळी. तसला काळा माल मिळायला उद्यमबागेत काय अडचण? पिशवीभर आणला, फेव्हिकॉलच्या पाण्यात बसवला. फोटो बघा, हुबेहूब वाटतंय की नाही.

आता मुद्दा. मार्च ते मे गाडी उत्तम पळाली. मृग निघाला, आठ दिवस झड लागली आणि यार्डात गाडी अडायला लागली. मेनवर व्यवस्थित पळते. पॉइंटवरनं (लाइन बदलायच्या सांध्यावरनं) आत घेतली की मंद होते, गुरगुरते आणि थांबते. बोटानं ढकललं की वीतभर जाते, परत थांबते. कंट्रोलर साधा १२ व्होल्टचा डीसी आहे. प्लाय १२ मिलिमीटरचा, वरनं रंगवलाय. माझा अंदाज असा, की प्लाय फुगला, रूळ हलले आणि पॉइंटची जीभ (सरकणारा रूळ) नीट बसत नाही. यार्डाचा बोर्ड उखडून मरीन प्लायवर नव्यानं करावा का? सहा महिन्यांचं काम आहे, म्हणून उखडण्याआधी विचारतोय.

आई खालनं विचारते, "काय करूलायस रे वर एवढा वेळ?" तिला काय सांगू?

---

तिसरं गेट (टिळकवाडी)

काका, फोटो एक नंबर. उखडू नका, थांबा.

प्लाय फुगला असता तर गाडी रुळावरनं घसरली असती. तुमची घसरत नाही, मंद होते. म्हणजे करंट कुठंतरी दुसरीकडं जातोय. आधी सांगा, गाडी अडते तेव्हा कंट्रोलरचा ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो का? आणि पॉइंटचा फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, जिवंत आहे की मेलेला, त्यात करंट येतो की नाही? नुसत्या जिभेच्या स्पर्शावर करंट पुढं जात असेल तर पावसाळ्यात तिथं घाण धरते. यार्डाच्या दोन्ही लाइनींना कंट्रोलरकडनं थेट येणारी वेगळी फीडर वायर दिलीय का? नसेल तर ती द्यायचीच आहे, पण रोग तो नसावा.

एक सोपी परीक्षा. सगळी इंजिनं उचलून बाजूला ठेवा. कंट्रोलरची वायर काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक एका रुळाला आणि दुसरं दुसऱ्या रुळाला लावा. मीटरनं काहीच दाखवायला नको. मेनवर आणि यार्डात वेगवेगळं मोजा, पॉइंट मेनकडं ठेवून.

---

लोंढेकर

प्लाय रंगवलाय म्हणता, पण खालची बाजू आणि कडा? आमच्याकडं तर जूनमध्ये दारंसुद्धा लागत नाहीत, माझं कपाट दसऱ्यालाच उघडतं. एकाच बाजूनं रंगवलेला प्लाय दुसऱ्या बाजूनं पाणी पितो आणि वाकतो. आत्ताचा रोग तो नसला तरी पुढच्या वर्षी तो येणारच. पाऊस गेल्यावर खालनं दोन हात प्रायमर मारा. जोडाला रुळात एखादा मिलिमीटर फटही ठेवा, लाकूड हललं तर रुळाला जागा पाहिजे.

बाकी वायपी बघून डोळे निवले. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. तेव्हा कळलं नाही, ते सोडा.

---

पॅटर्नवाला

@तिसरं गेट: लाल दिवा लागत नाही, पण कंट्रोलर गरम होतो. मोजलं. मेनवर काहीच दाखवत नाही. यार्डाच्या दोन नंबर लाइनीवर १८० ओहम, तीनवर २४० च्या आसपास, आकडा स्थिर राहत नाही. इंजिन नाही, डबा नाही, लाइन मोकळी. मग करंट जातोय कुठनं?

@लोंढेकर: खालनं रंगवलेलं नाही. कबूल.

---

मिरज तीन गेज

पॅटर्नवाले, यार्डात तो काळा माल म्हणजे नक्की काय घातलाय? तुम्ही वरवर उल्लेख करून पुढं गेलात, म्हणून विचारतोय. उद्यमबागेतला म्हणजे फाउंड्रीची जळकी वाळू ना?

असेल तर लोहचुंबक घ्या, कागदात गुंडाळा आणि यार्डावर दोन बोटं वरनं फिरवा. आणि वायपीचं खालचं झाकण उघडून मोटार बघा.

मी हे शिकलो ते असंच. माझ्या टेबलावर मिरज आहे, जुन्या दिवसांचं: पुण्याची ब्रॉडगेज, बेळगावकडची मीटरगेज आणि पंढरपूरकडची अडीच फुटी नॅरोगेज. तिन्ही गेजची खडी एकदम केली आणि वाळू चुंबकानं तपासायची राहिली. नदीच्या वाळूतसुद्धा काळे कण असतात, ते चुंबकाला चिकटतात. माझं नॅरोगेजचं इंजिन आठवड्यात बसलं. त्यात मोटार गेली, वर चूक कुणाची यावर घरात प्रवचन झालं ते वेगळंच.

---

पॅटर्नवाला

चुंबक फिरवला. कागदाला साळिंदर चिकटलं.

आता मला बसून हसावं की रडावं कळेना, कारण हे मला माहीत असायला पाहिजे होतं. साच्याची आपली ग्रीन सँड म्हणजे वाळू, बेंटोनाइट, कोल डस्ट आणि पाणी. काळी दिसते ती कोल डस्टमुळं. मी पिशवी भरली तो ढीग फेटलिंगजवळचा, म्हणजे ओतलेला माल घासूनपुसून साफ करतात तिथला. त्यात ग्राइंडिंगचा कीस आणि शॉट ब्लास्टचे लोखंडी छर्रे आयतेच. आणि बेंटोनाइट म्हणजे काय, तर पाणी ओढून फुगणारी माती. साच्यात वाळूला धरून ठेवते ती तीच. उन्हाळ्यात सगळं कोरडं होतं, म्हणून गाडी पळाली. झड लागली, बेंटोनाइटनं ओल धरली, त्यात लोखंडाचा कीस, आणि दोन रुळांच्या मधे रस्ता तयार. थोडा करंट तिथनंच जात होता. उरलेली करामत मोटारीची. झाकण उघडलं तर चुंबकाभोवती दाढी आलेली. दातेरी चाकांतही कीस होता, गुरगुरत होती ती त्यानं.

म्हणजे पावसावर घेतलेला आळ निम्मा खरा होता. प्लाय मात्र निर्दोष.

@मिरज तीन गेज, तुमची मोटार गेली, माझी वाचली. मातीच्या गोळ्यानं टिपून, मग ब्रशनं सगळा कीस काढला. आता हे यार्डातनं कसं उचलू? आणि राखेच्या रंगाला काय वापरू?

---

बत्तीवाला (रेल्वेतून निवृत्त)

उचलणं सोपं आहे. फेव्हिकॉल पाण्यानं मऊ पडतो. कोमट पाण्यात थोडं स्पिरिट घाला, ड्रॉपरनं सोडा, अर्धा तास थांबा आणि जुन्या टूथब्रशनं खरवडा. कॉर्कवर पाणी साठू देऊ नका. जिभेच्या खाली लाकडी काडीनं. शेवटी परत चुंबक. मग चार-पाच दिवस कोरडं होऊ द्या, सध्याच्या हवेत दहा.

रंगाला खरी कोळशाची राख घालायचा मोह होईल. घालू नका, तिच्यातही चुंबकाला धरणारे कण निघतात. नदीचीच वाळू घ्या, चुंबकानं साफ करा आणि काळा व तपकिरी पोस्टर रंग मिसळून रंगवा. नुसता काळा नको. यार्डातली राख काळीभोर कधीच नसते, करडी असते, मधे मधे भाजल्या विटेसारखी तांबूस. काळं दिसायचं ते तेल. ते फक्त इंजिन उभं राहतं तिथं, रुळांच्या मधे. तुमच्या फोटोत सगळं यार्ड डांबरासारखं झालंय, ते मला पहिल्यापासून खटकत होतं, पण पोरगं हौसेनं करतंय म्हणून गप्प बसलो.

आता बोलतोच आहे तर आणखी एक. फलाटावरची पाटी. तुम्ही 'खानापूर' लिहिलंय, पू दीर्घ. कर्नाटकात रेल्वेच्या पाटीवर कन्नड, हिंदी, इंग्रजी असतं. देवनागरीतली ओळ ती हिंदी. हिंदीत पु ऱ्हस्व.

---

लोंढेकर

पाटीवरून इथं नको हो. बाहेर पुरेसं आहे.

---

तिसरं गेट (टिळकवाडी)

काका, साफ झाल्यावर परत ओहम मोजून टाका. आणि फीडर वायर आता लगेहात टाकूनच घ्या, यार्ड उघडंच आहे तोवर.

---

पॅटर्नवाला

तीन आठवड्यांनी.

बत्तीवाले काका, तुमच्या पद्धतीनं यार्ड साफ केलं. साडेचारशे ग्रॅम माल निघाला, परत कारखान्यात नेऊन त्याच ढिगावर ओतला. नवी वाळू रंगवली, करडी आणि तांबूस. तुम्ही म्हणता ते बरोबर, आता ते डांबर वाटत नाही. दोन आणि तीन, दोन्ही लाइनींवर मीटर काहीच दाखवत नाही. दोन्हींना फीडर दिले. काल दिवसभर पाऊस होता, वायपी तीन डबे घेऊन तीन नंबरवर गेली आणि मागं आली. अकरा वेळा. बाराव्यांदा लाइट गेली.

पाटीचं तुमचं म्हणणं रेल्वेच्या हिशेबानं बरोबर असणार, तुम्ही नोकरी केलीय. पण माझी पाटी वाचायला मामा येणार आहेत, ते ऐंशीचे आहेत, आणि त्यांनी खानापूर कधी ऱ्हस्व म्हटलेलं नाही. पू तेवढा राहू दे.

---

बत्तीवाला (रेल्वेतून निवृत्त)

राहू दे. मामांना माझा नमस्कार सांगा. पॉइंट्समन म्हणजे टोकनचं (पुढच्या स्टेशनपर्यंत जायच्या परवान्याचं) कडं त्यांनी कित्येकदा हातात धरलं असणार. फोटोत स्टेशन मास्तरच्या हातात ते दिसत नाही. वेताचं कडं, खाली चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. ते नसेल तर गाडी सोडली कशी तुम्ही?

---

पॅटर्नवाला

केलंय हो. मोटारीच्या वाइंडिंगची तार, पाच मिलिमीटरचं कडं, पिशवी कागदाची. दोन केली, दोन्ही हरवली. तिसरं आईच्या पदराला चिकटून खाली स्वयंपाकघरात गेलं होतं, तिनंच आणून दिलं. आज रात्री चिकटवतो.